बॅटरी खोलीतून येणारा फोन

हे खरं घडलेलं आहे. माझ्या सख्ख्या नणंदेच्या बाबतीत घडलं. आणि माझी नणंद थापा मारणाऱ्यातली नाही. ती मुळात इतकं मोजकं बोलते, की थाप मारायला तिला शब्दच पुरायचे नाहीत.

आणि हो, काळोखी रात्र, पडका बंगला असलं काही शोधत बसू नका. भर दुपारची गोष्ट आहे. लख्ख ट्यूबलाइट आणि जेवणाची सुट्टी.

ती एका कंपनीच्या कंट्रोल रूममध्ये काम करते. भिंतभर स्क्रीन. कंपनीची सगळी यंत्रणा नीट चालली आहे ना, यावर डोळ्यांत तेल घालून नजर ठेवायची. काही बिघडलं की स्क्रीनवर अलर्टची लाल ओळ येते आणि कुणीतरी धावतं.

पण अलर्ट इतके यायचे, की माणसं मेटाकुटीला आली होती. त्यातले बहुतेक फुकटचे. साहेबांनी तिला सांगितलं, "हे सगळं ऑटोमॅटिक करा. खरी भानगड असेल तेवढीच माणसापर्यंत येऊ दे."

तिने जीव ओतून नियम लिहिले. एकाच जागेहून पुन्हा पुन्हा अलर्ट आले, तर सगळ्यांची मिळून एकच ओळ दिसायची. मग तिकडे शांत झालं, की सिस्टिमच ती ओळ मिटवायची. कुणाला फोन नाही, कुणाची धावपळ नाही.

सगळ्यात जास्त डोकं उठवायचं ते तळघरातल्या बॅटरी खोलीचं, म्हणजे वीज गेल्यावर लागणाऱ्या बॅटऱ्या ठेवतात तिथलं, मदतीचं बटण. ओल धरली की आपलं आपणच वाजायचं. धापा टाकत खाली जावं, तर तिथे चिटपाखरू नसायचं.

तिने तोच नियम त्या बटणालाही लावला.

ते बटण माणसासाठी आहे, हे तिच्या डोक्यातच आलं नाही.

एके दुपारी ती टेबलावरच डबा खात होती. समोर लाल ओळ उमटली... बॅटरी खोली.

थोड्या वेळाने ती हिरवी झाली. आपोआप मिटली.

'चला, नियम चालतोय,' असं म्हणून तिने पुढचा घास घेतला. स्वतःवरच खूश होती ती. हे मला सांगताना तिने मान वर केली नाही.

जेवणाची सुट्टी संपल्यावर खाली मिस्त्री सापडला. बॅटऱ्यांची देखभाल करणारा. भिंतीला टेकून बसलेला, छातीवर हात. डॉक्टर म्हणाले, जरा आधी आणलं असतं तर...

चौकशी झाली. आपोआप मिटलेल्या ओळी रिपोर्टमध्ये येतच नसत, त्यामुळे सिस्टिमचा रिपोर्ट स्वच्छ होता, एकही घटना नाही. म्हणजे मिस्त्रीने बटण दाबलंच नाही, असं ठरलं. जुनं झालंय म्हणून ते बटणही काढून टाकलं.

काही दिवसांनी मिस्त्रीची बायको त्याचं सामान न्यायला आली. एक स्वेटर आणि हत्यारांची पिशवी. दारात थांबून म्हणाली, "एवढं साधं बटण दाबता आलं नाही का हो त्यांना?"

साहेब म्हणाले, "ताई, दाबलं असतं तर आम्ही पळत आलो असतो."

माझी नणंद शेजारीच उभी होती. तिने जमिनीकडे पाहिलं.

त्याच आठवड्यात मीटिंगमध्ये तिच्या कामाचं कौतुक झालं. टाळ्या वाजल्या. 'वहिनी, धरणी दुभंगून पोटात घेईल तर बरं, असं वाटलं,' मला म्हणाली.

आणि दुसऱ्या दिवशी, जेवणाच्या सुट्टीत...

स्क्रीनवर लाल ओळ.

बॅटरी खोली.

ती वॉचमनला घेऊन खाली गेली. कुलूप उघडलं.

कुणीही नव्हतं. भिंतीवर बटणाच्या जागी भोक होतं, आणि टेप गुंडाळलेल्या दोन वायरी.

वॉचमन म्हणाला, "मॅडम, इथे तर काहीच नाही."

तेवढ्यात तिचा मोबाईल वाजला. मोठा अलर्ट असला की सिस्टिम स्वतः फोन करते. ठरलेला, सपाट आवाज. "बॅटरी खोली. मदत हवी आहे."

त्या आवाजामागे... कुणीतरी धाप लागल्यासारखं श्वास घेत होतं.

तिने फोन कट केला.

वर येऊन तिने ती खोलीच सिस्टिममधून काढून टाकली.

तरीही रोज दुपारी फोन यायचा, आणि ती रोज कट करायची.

ती अन्नावरून उठायला लागली. गालफडं बसली. शेवटी तिने मला सगळं सांगितलं. मी म्हटलं, "अगं, त्या बाईला जाऊन सांग. निदान नवऱ्याला दोष देत तरी बसणार नाही."

सुट्टीच्या दिवशी ती गेली. छोटंसं स्वयंपाकघर, टेबलाला दोनच खुर्च्या. बाईने पाणी दिलं. माझ्या नणंदेने ते न पिताच सांगून टाकलं. बटण दाबलं होतं. मीच लिहिलेल्या नियमाने तो अलर्ट मिटवला. चूक माझी.

बाई ओरडली नाही. रडलीही नाही.

"दाबलं होतं ना? नक्की?"

"हो."

"किती वेळा?"

माझ्या नणंदेला ते माहीत होतं. एका ओळीत किती अलर्ट कोंबले गेले होते, हे तिने मिस्त्री गेला त्याच संध्याकाळी उघडून पाहिलं होतं. पण त्या बाईच्या डोळ्यांत बघून तिची जीभ रेटेना.

"एकदाच," ती म्हणाली.

टेबलावर ठेवलेला तिचा मोबाईल वाजला...

थांबला.

पुन्हा वाजला...

थांबला. पुन्हा. पुन्हा. पुन्हा.

दोघी त्याच्याकडे बघत राहिल्या. बाईचे ओठ हलत होते. ती मोजत होती.

माझ्या नणंदेने वर पाहिलंच नाही. आपलं खोटं पकडलं गेलंय, तेही कुणाकडून, हे तिला कळलं होतं.

शेवटी बाईने हात पुढे केला. फोन उचलून कानाला लावला. बराच वेळ ऐकत राहिली. कट केला नाही.

मग, आतल्या खोलीतून कुणी हाक मारल्यावर म्हणावं तसं, हळूच म्हणाली, "आले हं... आलेच."

त्या दिवसापासून माझ्या नणंदेला तो फोन आलेला नाही. तिला हायसं वाटायला हवं होतं, पण ती अजूनही मान खाली घालूनच जेवते.

परवापासून ती त्या बाईला फोन करतेय. सलग तीन दुपारी.

लागत नाही. लाइन व्यस्त येते.