ठकीचा घास

चिंगीला जेवू घालणं म्हणजे दगडाला पाझर फोडणं! तीन वर्षांची पोर, पण तोंड मिटलं की मिटलं. भल्याभल्यांनी हात टेकावेत. तिची आई प्रयोगशाळेत पाण्याचे नमुने तपासायची. निघताना लेक झोपेत, परतताना पेंगुळलेली. बाबांच्या नोकरीपायी हे बिऱ्हाड परमुलखात आलेलं. हाकेला आत्या नाही की मामी. म्हणून तर गावाकडून मावशींना आणलं होतं. मावशी घरकामाच्या, रक्ताच्या नव्हेत. पण पोर त्यांच्या कडेवर गेली ती खाली उतरायचं नावच घेईना.

आईनं त्यांना आपल्या घरची रीत शिकवली. "नुसतं भरवलंत तर थुंकून देईल. लांबच्या माणसाचं नाव घेऊन घास द्यायचा. हा मामाचा, हा आत्याचा."

"आणि माणसं संपली की?"

"मग तुमची घ्या की!"

मावशींचं एकच माणूस होतं. सात वर्षांची लेक, ठकी. तिला आजीजवळ ठेवून त्या समुद्र ओलांडून आल्या होत्या. मामा-आत्या झाले की त्या हळूच म्हणायच्या, "हा घास ठकीचा," आणि चिंगी चिमणीसारखी आ करायची. हळूहळू सगळंच ताट ठकीच्या नावानं जाऊ लागलं. आईला बरं वाटलं, आणि खरं सांगायचं तर पोटात दुखलंही.

एका रविवारी आईनं भात टाकला आणि बोलण्याच्या नादात तो खाली लागला. मावशींनी वरवरचा काढून चिंगीला भरवला. मग नेहमीसारखा घरी फोन लावला. पडद्यावर आजी कुरकुरत होती. "ही बया पानावर बसेल तर शपथ! जेवले म्हणते."

"जेवलेच आहे मुळी," ठकी म्हणाली. "आज भाताला धुराचा वास होता."

"अगं, भात कुठला? आज भात केलाय कुणी?" आजी म्हणाली.

आईनं मावशींकडे पाहिलं. "तुम्ही सांगितलंत?"

"कधी सांगणार, ताई? आत्ताच तर फोन लागला."

आई पडली प्रयोगशाळेतली बाई. शेजारपाजारी जेवली असेल, असं म्हणून तिनं विषय सोडून दिला. पण पुढे चिंगीचे फ्रॉक खांद्यावरून घसरायला लागले. ताट चाटूनपुसून साफ, आणि पोरीची हाडं हाताला लागतायत! डॉक्टरांनी तपासलं. सगळं ठीक होतं. "नीट जेवते ना?" त्यांनी विचारलं.

"मोठ्या माणसाएवढं," आई म्हणाली.

पडद्यावरच्या ठकीचे गाल मात्र फुगले होते. त्या संध्याकाळी आईनं चिंगीला उचललं. हाताला वजनच लागेना.

"मावशी, उद्यापासून ठकीचं नाव घेऊ नका."

मावशींनी का म्हणून विचारलं नाही.

"बरं, ताई," एवढंच म्हणाल्या.

चिंगीनं बाळसं धरलं. तिकडे ठकीनं अंथरूण धरलं. भूक लागते म्हणायची, पण घास खाली उतरायचा नाही. आजी फोनवर रडायची. मावशी चिंगीला भरवायच्या तेव्हा मामा-आत्याचं नाव घेऊन झालं की ओठ घट्ट दाबायच्या, चुकून ठकीचं नाव निघू नये म्हणून. आईला ते बघवेना.

"तुम्ही घरी जा, मावशी. लेकीला तुमच्या हातानं भरवा."

दारातून मावशी तीनदा माघारी फिरल्या. चिंगीचे पापे घेतले. शेवटी बाबांनीच बॅग उचलली.

मग रजा काढून आई स्वतः ताट घेऊन बसली. दूध-पोळी कुस्करली. लेक आता आपल्या हातून जेवणार, याचंच अप्रूप!

"हा घास मावशीचा."

चिंगीनं मान फिरवली. "पोट भरलं."

"अगं, सकाळपासून काही खाल्लं नाहीस!"

"खाल्लं की. आत्ता."

तिच्या हनुवटीला भाताचं शीत चिकटलं होतं. आईनं ते बोटावर घेतलं.

गरम होतं.

तिनं फोन लावला. पलीकडे वाटी वाजत होती, ठकी खुदखुदत होती.

"मावशी, चिंगीच्या नावानं भरवताय?"

वाटी वाजायची थांबली.

"मी नाही, ताई. देवाशपथ. ठकीच नाव घेते. म्हणते, एकटीला घास गिळवत नाही." मावशींचा आवाज खाली आला. "अजून अंगाला काही लागत नाहीये हो. तुमचं ऐकेल. तुम्ही सांगा ना तिला!"

"द्या तिला फोन."

फोन हातोहात गेला. ठकीचा श्वास ऐकू आला. आईनं बोलायला तोंड उघडलं, तोच चिंगी मांडीवर चढून बसली.

"आई, आ कर. आता घास तुझा आहे."

आईची आई गेल्यापासून तिला कुणी भरवलं नव्हतं. कुणी जेवलीस का म्हणून विचारलंही नव्हतं. ताटात दूध-पोळी होती, पण जिभेवर मऊ, कोमट भात आला. मीठ अगदी बेताचं.

नको म्हणायला हवं होतं. दुसऱ्याच्या लेकराच्या तोंडचा घास तो.

तिनं तो गिळला, आणि पुन्हा आ केला.