पहिल्या बर्फाची बाजी

"यंदा हरीसा पाठवू नकोस, आपा… आणि माझ्या उरूजच्या निशाणीलाही तू येऊ नकोस."

शमीमाने हे उंबऱ्यावर उभं राहूनच सांगितलं. बूटसुद्धा काढले नाहीत तिने. तिच्या खांद्यांवर, डोक्यावरच्या शालीवर बर्फ साचला होता आणि तो झटकण्याचीही तिला शुद्ध नव्हती. खानयारच्या सासरहून रैनावारीच्या माहेरापर्यंत ती हेच एक वाक्य घोकत आली असावी, आणि ते एकदाचं तोंडातून बाहेर पडल्यावर आता पुढे काय करायचं ते तिला सुचत नव्हतं. चुलीपाशी बसलेल्या मुख्ताचा हात मात्र थांबला नाही. तांब्याच्या हंडीतला हरीसा ती लाकडी दांड्याने घोटतच राहिली. मटण आणि तांदूळ एकजीव होऊन त्याला तार सुटत आली होती, आणि अशा वेळी आभाळ कोसळलं तरी हात थांबवायचा नसतो.

"दार लाव आधी," ती म्हणाली. "थंडी आत येतेय."

मुख्ता पंचावन्न वर्षांची, शमीमा चाळीसची. दोघी सख्ख्या बहिणी. पण शमीमा आठ वर्षांची असताना आई गेली आणि वर्षाच्या आत अब्बांना अर्धांगाचा झटका आला, तेव्हापासून शमीमाची वेणी घालणं, तिच्या तापात जागणं, तिला शाळेत सोडणं आणि विसाव्या वर्षी तिचं लग्न लावून देणं हे सगळं मुख्तानेच केलं. स्वतः मात्र ती बिनलग्नाची राहिली. आणि का राहिली, ही गोष्ट रैनावारीत शेंबड्या पोरांनाही ठाऊक होती! दर हिवाळ्यात, पहिला बर्फ पडला की, ती चहाबरोबर हमखास चघळली जायची.

गोष्ट अशी. आमच्याकडे पहिला बर्फ पडला की बाजी लागते. मूठभर बर्फ कागदात, डब्यात, रुमालात लपवायचा आणि नातेवाइकाच्या हातात टेकवायचा. त्याने बेसावधपणे घेतला की तो हरला, मेजवानी त्याने द्यायची. पण त्याने आधीच ओळखलं, तर आणणाऱ्याचीच मानगूट धरून त्याच्या तोंडाला बर्फ फासायचा आणि मेजवानी उलट त्याच्याच गळ्यात मारायची. मुख्ता या खेळात कधी, एकदाही, हरली नव्हती. आणि बत्तीस वर्षांपूर्वी अशाच पहिल्या बर्फाच्या सकाळी तिच्या होणाऱ्या सासरहून साजा फुफी आली. नवऱ्यामुलाची आत्या ती, मोठ्या मानाची बाई. तिच्या हातात रेशमी रुमालात बांधलेली निशाणी होती: अंगठी, शाल, बदाम. मुलीने ती घेतली की लग्न पक्कं. मुख्ता दारात आली, हसली, आणि तो रुमाल तिने दोन्ही हातांनी मागे लोटला. "आमच्या घरात कुणी हरत नाही, फुफी," असं म्हणाली. रुमाल सुटला, अंगठी बर्फात पडली, सगळ्या मोहल्ल्याने खिडक्यांतून पाहिलं. साजा फुफीने अंगठी उचलली आणि ती मागे वळूनही न पाहता निघून गेली. लग्न मोडलं. खेळाच्या नादात पोरीने नवरा घालवला, असं लोक म्हणाले, आणि अजून म्हणत होते.

ही गोष्ट शमीमाच्या सासरीही पोचली होती, तिच्या आधीच पोचली होती. वीस वर्षं तिची सासू हिवाळा सुरू झाला की तिच्या हातात काही देताना म्हणायची, "नीट बघून घे गं बाई, बर्फ नाहीये." जावा तोंडाला ओढणी लावायच्या. म्हणून शमीमा हिवाळ्यात माहेरी येईनाशी झाली. ईदला येऊन तासभर टेकायची, तेवढंच. मुख्ता दर हिवाळ्यात रिवाजाप्रमाणे तिच्या सासरी हरीशाची हंडी पाठवायची आणि हंडी रिकामी परत यायची. आमच्यात हंडी रिकामी परत करत नाहीत. त्यात दोन अक्रोड तरी टाकतात. मुख्ता ती रिकामी हंडी उन्हात पालथी घालून ठेवायची आणि ती रिकामी आली हे कुणाला कळू द्यायची नाही.

"उरूजच्या सासरची माणसं मोठी आहेत," शमीमा सांगत होती, शब्द एकमेकांवर आदळत होते. "त्यांनी चौकशी केली, मावशी कोण म्हणून. माझ्या सासूने हसत हसत सगळं सांगितलं. उद्या निशाणी घेऊन ती माणसं दारात येतील, आणि तू तिथे उभी असलीस की सगळ्यांच्या नजरा तुझ्यावर… माझ्या पोरीचं हसं होईल, आपा."

"हसू देत."

"तुला काय जातंय हसू देत म्हणायला?"

"मी येणार," मुख्ता शांतपणे म्हणाली. "मी मुलीची मावशी आहे. तिला पहिली आंघोळ मी घातली. ज्यांना माझं तोंड बघायचं नसेल त्यांनी छताकडे बघावं. नवा फेरन शिवून घेतलाय मी, हिरवा, पायघोळ लोकरी. तो घालून पुढे बसणार."

शमीमाचे डोळे भरून आले, रागाने की दुःखाने ते तिचं तिलाही कळलं नसेल. "एका हसण्यापायी तू स्वतःचं नशीब लोटून दिलंस," ती कापऱ्या आवाजात म्हणाली. "नंतर वीस वर्षं माझं मन जाळलंस. आता माझ्या लेकीला तरी सोड."

मुख्ताच्या हातातला दांडा तेवढा एकदा अडखळला… हे शब्द ज्या ओठांतून आले त्या ओठांना तिने घास भरवले होते! एक वाक्य, फक्त एक वाक्य ती बोलली असती तर समोरची ही बाई जागच्या जागी गळून पडली असती. त्या दिवशी तिने निशाणी ओळखली होती. पाहताक्षणी ओळखली होती. अंथरुणाला खिळलेले अब्बा आदल्याच रात्री म्हणाले होते की तू लग्न करून गेली नाहीस तर मी पाण्याचा घोटही घेणार नाही. त्यांनी मुलाकडच्यांना शब्द दिला होता, आणि लेकीने आपल्यासाठी घरी बसावं हे त्या मानी माणसाला मरणाहून जड होतं. नकार देता येत नव्हता. चूक करता येत होती. चुकीला कोण काय करणार? आणि मुलगा तिला आवडला नव्हता असंही नाही. फार आवडला होता… नूरुद्दीन नाव त्याचं, हसला की एक डोळा बारीक व्हायचा. तिने अंगठी बर्फात पडताना पाहिली आणि मोठ्याने हसली, कारण हसली नसती तर किंचाळली असती.

पण म्हणून कुणी तिची कीव करावी? छे! मुख्ताला कीव आवडत नसे. शेजारणी उसासे टाकायच्या, एकट्या बाईचा हिवाळा कसा जात असेल म्हणायच्या, आणि मुख्ता भाद्रपदापासूनच वांगी, दुधी, टोमॅटो कापून माळा करून माडीवर वाळत घालायची, घरात खाणारं एक तोंड आणि वाळवण दहा तोंडांचं. फेरनच्या आत निखाऱ्यांची कांगडी, हातात मिठाच्या गुलाबी चहाचा पेला, मांडीवर उन्हाचा चौकोन, अशी ती खिडकीत बसायची आणि उतारावरून घसरणाऱ्या पोरांना वरून सूचना द्यायची. तीन वर्षांपूर्वी ती स्वतःही एका फळीवर बसून घसरली होती आणि पाऊल मुरगळून घेतलं होतं. लोकांनी नावं ठेवली. पाऊल बरं झाल्यावर ती पुन्हा घसरली.

तेवढ्यात जिन्यावर धडधड पावलं वाजली. उरूज. एकोणीस वर्षांची, गाल थंडीने लाल, आईच्या मागोमाग चोरून आलेली. हातात बेकरीचा खोका.

"मासी, अब्बांनी तुझ्यासाठी बाकरखानी पाठवलीय. गरम आहे, घे लवकर."

मुख्ताने खोक्याकडे पाहिलंही नाही. तिने दांडा ठेवला, उठून उरूजचं मनगट धरलं, खोका उघडला आणि आतला बर्फ तिच्या दोन्ही गालांना असा चोळला की पोरगी किंचाळत जमिनीवरच बसली. मग मावशी-भाची दोघी हसत सुटल्या. मुख्ताच्या डोळ्यांतून पाणी यायला लागलं, आणि ते हसण्याचंच आहे असं धरून चालायला ती सवयीने तयार होती.

"मेजवानी तुझ्याकडे लागली," ती म्हणाली. "मटणाच्या गोळ्यांचा गुश्ताबा खाणार मी. दुकानातला नाही, तू घोटलेला."

"पण तुला कळतं कसं?" उरूजने फेरनच्या बाहीने तोंड पुसलं. "खोका कोरडा होता. मी खाली फडकं लावलं होतं. सांग ना, मासी. आता मी सासरी जाणार, तिथे मला सगळे हरवतील."

कौतुकाने माणूस सैल पडतो. मुख्ता सैल पडली.

"अगं, पुडी बघायचीच नाही. कोपर बघायचं," ती ऐटीत म्हणाली. "बर्फ आणणारा हात लांब धरतो, कोपर अंगापासून सुटलेलं असतं. त्याला गार लागतं, शिवाय वितळायच्या आत ते तुझ्या गळ्यात घालायची घाई असते. खरी वस्तू आणणारा ती छातीशी धरतो. फेरनच्या आत. आजवर एकदाही चुकले नाही मी."

बोलून झाल्यावर तिची नजर बहिणीकडे गेली.

शमीमा भिंतीला टेकली होती. तिचा चेहरा पांढराफटक पडला होता. "त्या दिवशी मी खिडकीत होते," ती हळूहळू म्हणाली, एकेक शब्द जपून ठेवल्यासारखा. "साजा फुफी गल्लीतून येताना मी पाहिली. तिचे हात दिसत नव्हते. मला वाटलं, तिला हातच नाहीत… फेरनच्या आत होते ते. छातीशी. दारात आल्यावर तिने रुमाल बाहेर काढला."

"तू आठ वर्षांची होतीस. तुला काय आठवतंय?"

"आपा, तू ओळखलं होतंस."

मुख्ताने हंडीवर झाकण ठेवलं, ते पुन्हा काढलं, पुन्हा ठेवलं. खोटं बोलायला ती कचरत नसे; पण बत्तीस वर्षांत हा प्रश्न तिला कुणीच विचारला नव्हता, आणि त्याचं उत्तर तिने तयार ठेवलेलं नव्हतं.

"अब्बांना कूस बदलायला माणूस लागायचं," ती अखेर म्हणाली. "तू रात्री झोपेत आईला हाका मारायचीस. त्या लोकांना घरजावई द्यायचा नव्हता. मग काय करायचं होतं मी?"

"मला सांगायचं होतंस! मी वीस वर्षं तुला… हंडी रिकामी… मी तुला काय काय बोलले, आपा…" शमीमा खाली कोसळली आणि बहिणीच्या पायांना मिठी घालून हमसून हमसून रडू लागली. उरूज काही न कळल्यासारखी दोघींकडे पाहत राहिली, आणि मग कळल्यासारखी तीही रडू लागली.

"ऊठ," मुख्ता म्हणाली. तिचा आवाज कठोर होता. "ऊठ म्हणते ना. सांगितलं असतं तर तू सासरी मान खाली घालून गेली असतीस, जन्मभर माझ्या उपकाराखाली वाकून. मला तू रागावलेली चालणार होतीस. वाकलेली नको होतीस. आणि हे बघ, माझी समाधी बांधू नकोस. मी रडत बसले नाही इथे. माझे हिवाळे मी खाऊनपिऊन, हसून काढले. लोक मला मूर्ख म्हणतात, म्हणू देत. बिचारी म्हणालेलं मला खपणार नाही. यातलं अक्षर बाहेर जाता कामा नये."

शमीमा उठली. तिने शालीने तोंड पुसलं, खाली वाकून बूट काढले आणि दाराबाहेर नेऊन ठेवले. मग फेरनच्या खिशातून फोन काढला. पलीकडून सासूचा आवाज इतका खणखणीत येत होता की चुलीपर्यंत ऐकू यावा: कुठे आहेस, पाहुण्यांची तयारी कुणी करायची?

"माहेरी आहे," शमीमा म्हणाली. "चिल्ले-कलानचे, कडाक्याच्या थंडीचे चाळीस दिवस इथेच राहणार आहे. निशाणी याच घरात होईल, त्यांना पत्ता कळवा. आणि ती उरूजच्या वतीने माझी आपा घेईल, तिच्या हातांनी. का ते मी आल्या पाहुण्यांना स्वतः सांगणार आहे, बत्तीस वर्षांपूर्वीचं सगळं. ज्यांना चालणार नसेल त्यांनी येऊ नये." पलीकडून काही उत्तर यायच्या आत तिने फोन बंद केला. तिची मान ताठ होती.

"मी आत्ताच काय सांगितलं तुला?" पुन्हा दांडा उचलत मुख्ता संतापली. "माझी गोष्ट चारचौघांत सांगणार, माझ्या हातात निशाणी देणार… मला विचारलंस?"

"तू मला विचारलं होतंस?" शमीमा म्हणाली.

मुख्ताच्या त्या ताठ, हट्टी चेहऱ्यावरून अश्रू ओघळू लागले तेव्हा ते हसण्याचे आहेत असं तिने कुणाला सांगितलं नाही. शमीमाने तिच्या हातातला दांडा काढून घेतला, बहिणीला खिडकीत नुकत्याच आलेल्या उन्हात बसवलं, आणि तिघींसाठी एकाच ताटात हरीसा वाढून वर कडकडीत तेल ओतलं.