छोटी गाडी की फोर बाय फोर?

तिने बोटीवरून धक्क्यावर पहिलं पाऊल टाकलं, आणि वाऱ्याने तिच्या हातातला कागद उडवला. साधासुधा कागद नव्हता हो तो. तीन आठवडे खपून, दोनदा खाडाखोड करून, तिसऱ्यांदा स्वच्छ अक्षरात उतरवलेले एकतीस प्रश्न होते त्यावर. कागद गिरक्या घेत निघाला, तो थेट समोरच्या पत्र्याच्या खोलीबाहेर उभ्या असलेल्या माणसाच्या छातीवर जाऊन चिकटला.

त्याने तो सोडवला, आणि काय म्हणावं या माणसाला... चक्क मोठ्याने वाचायला लागला.

"प्रश्न पहिला. चढावर ब्रेक निकामी झाले तर? प्रश्न दुसरा. उतारावर ब्रेक निकामी झाले तर?" त्याने मान वर केली. "आणि सपाटीवर?"

"तो चौथा आहे," ती म्हणाली. मग तिच्या लक्षात आलं, की तो हसतोय. तिची कानशिलं तापली. "द्या इकडे."

"देतो ना. पण उत्तरं कोणाकडून घेणार? या बेटावर गाड्या भाड्याने देणारा मी एकटाच आहे."

त्याच्या मागे उघड्या दारातून भिंत दिसत होती. भिंतीवर ओळीने खिळे, प्रत्येक खिळ्याला एक किल्ली, किल्लीला नंबर. सगळं बेट त्याला किल्लीवाला म्हणूनच ओळखायचं.

आता हिच्याबद्दल सांगायला हवं. ती वाहनविम्याच्या कचेरीत दाव्यांच्या टेबलावर बसायची. दिवसाला बारा अपघात वाचायचे, तेही फोटोंसकट. अशा माणसाला रात्री झोप लागते हेच खूप. घरातून निघताना ती गॅस तीनदा बघायची, कुलूप चारदा ओढायची, जिना उतरायची आणि पुन्हा वर जायची. कचेरीत तिचं नाव 'काळजीवाहू' पडलं होतं. काही ठरवायचं म्हटलं की ती आधी यादी करायला बसायची. एका भल्या माणसाने तिला लग्नाचं विचारलं होतं, "विचार करून सांग" म्हणाला होता. ती सहा महिने विचार करत राहिली. सातव्या महिन्यात त्याच्या लग्नाची पत्रिका आली.

"अगं, ऊन लागतंय मला," मागून आत्या म्हणाली. ही तिची सख्खी आत्या, शाळेत भूगोल शिकवून निवृत्त झालेली. चाळीस वर्षं तिने फळ्यावर बेटं काढली, पण एकाही बेटावर पाय ठेवला नव्हता. या बेटाच्या टोकाला वाळूची चिंचोळी पट्टी होती, एका बाजूला हिरवं पाणी, दुसऱ्या बाजूला निळं. तिथे एकदा उभं राहायचं, एवढी एकच इच्छा घेऊन ती आली होती. आणि गुडघे तर असे, की हॉटेलचा जिनासुद्धा तिला डोंगर वाटायचा. पुढच्या वर्षी येऊ, असं म्हणण्याची सोय राहिली नव्हती.

"छोटी गाडी चालेल, की फोर बाय फोर लागेल?" भाचीने किल्लीवाल्याला विचारलं.

"जायचं कुठे त्यावर आहे. बाजार, दीपगृह, हॉटेल एवढंच असेल तर छोटी पुरे. उगाच मोठी गळ्यात मारणार नाही मी. पण टोकाला जायचं, तर शेवटचे चार किलोमीटर निव्वळ वाळू. तिथे फोर बाय फोरच."

"तुम्ही चालवाल?"

"मी गेलो तर इथे कोण बसेल? आणि बेटावर ड्रायव्हर मिळत नाही. जो तो आपली आपण चालवतो." त्याने तिच्याकडे नीट पाहिलं. "चालवता येते ना?"

"येते... म्हणजे, लायसन्स आहे आठ वर्षांचं. वाळूवर नाही चालवली कधी." तिने आत्याकडे पाहिलं, समुद्राकडे पाहिलं, कागदाकडे पाहिलं. "मी विचार करून सांगते."

आत्याने कपाळावर हात मारला. "झालं! गुरुवारी दुपारची आपली बोट आहे, आज सोमवार. कर बाई विचार."

त्या दिवशी त्यांनी छोटी गाडी घेतली. बाजार झाला, दीपगृह झालं. दीपगृहाच्या कट्ट्यावर बसून आत्या सारखी टोकाच्या दिशेला बघत होती. तिचं ते बघणंच हिच्या जिवाला लागलं.

मंगळवारी सकाळी ती कागद घेऊन हजर. तोही जसा काही वाट बघत बसला होता. दोन खुर्च्या, दोन कप चहा तयार.

"बसा. पाचवा?"

"टायर फुटला तर?"

"मागे दुसरा आहे. बदलायला शिकवतो. पुढचा?"

"वाळूत रुतली तर?"

"गाडीतला दांडा ओढायचा, मग चारही चाकं जोर लावतात. पुढचा?"

"समोरून जनावर आलं तर?"

"त्याला आधी जाऊ द्यायचं. बेट त्याचं आहे."

असं चाललं होतं. खोलीमागच्या वाळूच्या मैदानात त्याने तिला सात नंबरची जुनी जीप चालवायला लावली. तो शेजारी बसला. बाह्या कोपरापर्यंत दुमडलेल्या, अंगाला साबणाचा आणि थोडा ग्रीसचा वास. ती गियर बदलायची तेव्हा तो हात मांडीवर घट्ट धरून ठेवायचा, चुकूनही मध्ये यायचा नाही. तिला वाटलं, बाकीचे सगळे तर लगेच स्टिअरिंगला हात घालतात. तिने चोरून त्याच्याकडे पाहिलं, नेमकं तेव्हाच त्यानेही पाहिलं, आणि जीप बंद पडली.

"हा कितवा प्रश्न?" तो म्हणाला.

"हा यादीत नव्हता," ती पुटपुटली.

चहाची तिसरी फेरी झाली तेव्हा एकतिसावा आला. "तुम्ही स्वतः ही गाडी कधी अडकवली आहे?"

"तीनदा. दोनदा वाळूत. आणि एकदा या खोलीच्या दारात."

"दारात?"

"पावसात भिजू नये म्हणून आत घेत होतो. निम्मी गेली, मग पुढेही जाईना आणि मागेही येईना. दोन दिवस मी खिडकीतून ये-जा केली."

ती हसली. तोंडावर हात न ठेवता, मान मागे टाकून, खळखळून हसली. तो बघतच राहिला. मग एकदम भानावर आल्यासारखा उठला, घाईघाईने सातव्या खिळ्यावरची किल्ली काढली आणि तिच्या तळहातावर ठेवली.

"उद्या सकाळी निघा. तीन वाजता भरती आहे, पट्टी पाण्याखाली जाते. त्याआधी परत फिरायचं."

"घेऊ ना मी? नक्की?"

"मी नाही सांगणार. तुम्ही ठरवा."

तिने किल्लीवर मूठ मिटली. मग ती मूठ उघडली नाही.

बुधवारी सगळं ठीक चाललं होतं. डांबरी रस्ता संपला, वाळू सुरू झाली. तिने शिकवल्याप्रमाणे दांडा ओढला. आत्या खिडकीबाहेर डोकं काढून लहान मुलीसारखी ओरडत होती. वाळू घट्ट होती तोवर जीप पळाली. टोक अगदी समोर, दोन्ही बाजूंना पाणी, आणि मऊ वाळू लागताच मागची चाकं जागच्या जागी गरगरली. जीप बसली.

तिने पुन्हा दांडा ओढला. पुन्हा गरगर, आणखी खोल. घड्याळात एक वाजून दहा मिनिटं झाली होती.

"आत्या, उतरू नकोस. म्हणजे... उतरलीस तर पुन्हा चढता येणार नाही तुला." किल्लीच्या बिल्ल्यावर त्याचा फोन नंबर होता. दोनदा फोन लागला नाही. तिसऱ्यांदा लागला.

"रुतली," एवढंच तिला म्हणता आलं.

"आलो. गाड्या सगळ्या बाहेर गेल्यात, सायकल काढतो," तिकडून उत्तर आलं.

पाण्याच्या कडेला तिने एक काटकी रोवली. पाणी काटकीच्या पुढे आलं. तिने काटकी उपटून अलीकडे लावली. पुन्हा पुढे आलं. दाव्यांच्या कागदांतली सगळी वाक्यं एकेक करून तिला आठवायला लागली... 'वाहन पाण्यात पूर्ण बुडालेले आढळले'... आणि आत्या चार पावलंसुद्धा नीट चालू शकत नव्हती. हे सगळं मी केलं, तिच्या मनात आलं. छोटी गाडीच बरी होती. कुठून ही दुर्बुद्धी सुचली! तिने काटकी चौथ्यांदा हलवली तेव्हा लांबवर तो दिसला. सायकल मऊ वाळूच्या कडेला टाकून तो पळत येत होता, बूट हातात घेऊन.

धापा टाकत तो पुढच्या चाकापाशी वाकला, आणि तसाच थिजला.

"अरे देवा..."

चाकाच्या मधोमध एक गोल चकती होती. त्याने ती हाताने फिरवली. खट्. दुसऱ्या चाकाचीही फिरवली. खट्.

"काय झालं?"

"गाडीचं काही चुकलं नाही. तुमचंही नाही." तो तिच्याकडे बघेना. "जुनी जीप आहे. आधी या चकत्या फिरवल्या नाहीत, तर आतला दांडा ओढून काही होत नाही. पुढची चाकं झोपलेलीच राहतात. गाडी देताना मीच फिरवून देतो. बारा वर्षांत एकदाही विसरलो नव्हतो."

तिची एवढा वेळ दाबलेली भीती एकदम उसळली. "आत्याचं काही बरंवाईट झालं असतं म्हणजे?"

"माहीत आहे."

"मग विसरलात कसे?"

लाट आली आणि काटकीला शिवून गेली.

"तुम्ही हसलात," तो म्हणाला.

"माझ्या हसण्यावर ढकलू नका!"

"ढकलत नाही. चूक माझीच. तुम्ही विचारलंत म्हणून खरं ते सांगतोय. दोन दिवस मी दुसरं काही करतच नव्हतो, तुमच्या पुढच्या प्रश्नाची वाट बघत होतो. एकतीस संपले तेव्हा... वाईट वाटलं मला. आवडता तुम्ही मला."

जीपमधून आत्याचा आवाज आला. "ऐकतेय हं मी सगळं! पण भरती कोणाचं ऐकत नाही. आधी गाडी काढा."

गाडी तिनेच काढली. या वेळी चारही चाकांनी वाळू धरली, आणि जीप टोकाला जाऊन थांबली. हाताशी पाऊण तास होता. दोघांनी दोन बाजूंनी धरून आत्याला उतरवलं. तिने चपला काढल्या, एक पाय हिरव्या पाण्यात ठेवला, एक निळ्या. मग ती रडायला लागली आणि रडता रडता हसायला.

परतताना भाची किल्लीवाल्याला हळूच म्हणाली, "मी... विचार करून सांगते." आणि जीभ चावली.

गुरुवारी सकाळी बॅगा भरताना आत्याने विषय काढलाच. "जावं का एखाद्या बेटावर, याचा मी चाळीस वर्षं विचार केला. काल कळलं, विचार करण्यासारखं त्यात काहीच नव्हतं. तुझं तू बघ बाई, मी मध्ये पडत नाही."

किल्लीवाल्याच्या खोलीत त्याने गाडी परत केल्याचा कागद पुढे केला. तिने सही केली. त्याने जीपभोवती एक फेरी मारली, काच पाहिली, टायर पाहिले, पण बोलताना नजर वर केली नाही.

"काही तक्रार?"

"नाही."

"आणखी काही... प्रश्न?"

बत्तिसावा प्रश्न ओठांवर आला होता. बाहेर बोटीचा भोंगा वाजला. तो चुकीचा निघाला तर? बेट सोडून तो कुठे येणार? आपणच दोन महिन्यांनी घाबरलो तर? "नाही," ती म्हणाली, आणि आत्याचा हात धरून निघाली.

बोट सुटली. धक्का हातभर लांब गेला, मग दोन हात. डोळे पुसायला तिने रुमालासाठी खिशात हात घातला, आणि हाताला काहीतरी गार लागलं.

सात नंबरची किल्ली.

चारदा कुलूप ओढणारी ती किल्ली द्यायला विसरली होती! आणि तोही मागायला विसरला होता. तिने वर पाहिलं. खोलीच्या दारात तो उभा होता, मागे वळून रिकाम्या सातव्या खिळ्याकडे बघत.

"किल्ली माझ्याकडेच राहिली!" ती कठड्यावरून ओरडली.

"दुसरी आहे माझ्याकडे!" तो धावत धक्क्याच्या टोकाला आला. "पण तुमच्याकडची न्यायला येऊ का?"

अख्खी बोट वळून बघायला लागली. विचार करायला वेळच नव्हता, धक्का लांब चालला होता.

"या!"

"रस्ता कसा आहे? छोटी गाडी चालेल, की फोर बाय फोर लागेल?"

"रस्ता सरळ आहे!" तिचा आवाज फाटला, पण ती हसत होती, मान मागे टाकून. "मीच अवघड आहे! फोर बाय फोरच आणा!"

"आणि चकत्या फिरवून आण रे बाबा!" आत्या ओरडली.