आधी फोन करा

"हे धर जरा!" म्हणत डेल्फिनानं रांगेतल्या मागच्या मुलाच्या हातात आपला गरमागरम बुरिटो कोंबला आणि ती खिसे उलटेपालटे करू लागली.

सान आबेलच्या कोर्टाच्या दारातलं तपासणीचं यंत्र तिला बघून ठणाणा करत होतं. करणारच! न्यू मेक्सिकोतल्या मिरचीवाल्याची लेक ती, सकाळी शेतात राबून तशीच आलेली. बुटांवर चिखल, खिशात छाटणीचा चाकू. पहारेकऱ्यानं हसत चाकू काढून घेतला. ती वळली, तर तो मुलगा बुरिटोकडे टक लावून बघत होता.

"घास घेतलास ना?"

"नाही गं... वास घेतला फक्त. काय आहे यात?"

"हिरवी मिरची. तुला नाही झेपायची."

"का? मला काय झालंय?"

"शर्टाची इस्त्री बघ तुझ्या," ती म्हणाली आणि बुरिटो घेऊन चालू पडली.

दहाच मिनिटांत दोघं एकाच टेबलाशी समोरासमोर! न्यायव्यवस्था सुधारायला जिल्ह्यानं समिती नेमली होती आणि धोरणं लिहायच्या कामाला उन्हाळ्यापुरते कॉलेजचे इंटर्न घेतले होते. डेल्फिना गरिबांसाठी लढणाऱ्या वकिलांच्या बाजूला, तर हा बॉस्टनचा थिओ हॅलोरन फिर्यादी पक्षाच्या. विषय एकच – तारखेला कोर्टात न येणाऱ्यांचं काय करायचं? थिओचं म्हणणं, लगेच वॉरंट काढा. डेल्फिनाचं म्हणणं, आधी फोन करा, अडचण विचारा, नवी तारीख द्या.

"तारीख म्हणजे तारीख," थिओ म्हणायचा. "यायचं असतं त्याला येता येतं."

"आणि न आलेला प्रत्येक जण पळालेला?"

"बहुतेक."

"तुमच्याकडे नळ सोडला की पाणी येतं ना, म्हणून जीभ चालतेय तुझी!"

"रागावलीस की छान दिसतेस, त्याला मी काय करू?"

"नियम बदल. मग हसूनही दाखवीन."

भांडता भांडता तो मिरची खायला शिकला. डोळ्यांतून धारा लागायच्या, तरी "अजून आण" म्हणायचा. आवडत होता मेला! पण कबूल कसं करायचं? तिची तर त्या नियमाशीच लढाई होती.

एका दुपारी पायऱ्यांवर बसून तिनं त्याला खरं काय ते सांगितलं. गेल्या उन्हाळ्यात तिच्या बाबांवर गाडीचा दिवा फुटल्याची किरकोळ केस होती. नेमकी तारखेलाच पाण्याची पाळी आली आणि बाबा शेतात दारं धरत, एकेका वाफ्याला पाणी देत राहिले. मग वॉरंट निघालं, भर बाजारात बेड्या पडल्या... तेव्हापासून बाबा कुणाच्या नजरेला नजर देत नव्हते.

"त्यांनी फोन का नाही केला?" थिओनं हळूच विचारलं.

"केला होता. पण तारीख बदलायचा अधिकार फोन उचलणाऱ्याला नव्हता."

एवढं ऐकूनही शिफारस काही थिओनं बदलली नाही, आणि डेल्फिनाला ते फार लागलं.

समितीच्या बैठकीचा दिवस उजाडला आणि सकाळीच पाटाचं पाणी वाटून देणाऱ्या मासेदोनियोमामांचा फोन – आज पाणी तुमचं! बाबांची तर पाठ धरलेली, आणि तिला दुपारपर्यंत ठरावाची तयारी करायची होती. डेल्फिना डोक्याला हात लावून कोर्टाच्या पायरीवर बसली.

"मी धरतो दारं," थिओ शेजारी येऊन बाह्या सरसावत म्हणाला. "नऊला पाणी, दोनला बैठक. आरामात परत येतो."

"जमेल तुला?"

"उघडायचं, बंद करायचं. त्यात काय एवढं?"

दोन वाजले. थिओची खुर्ची रिकामी. समितीच्या अध्यक्ष, न्यायाधीश बाकाबाईंनी चष्म्यावरून पाहिलं. "हॅलोरन कुठं आहेत?"

"गैरहजर," त्याचे साहेब चिडून म्हणाले.

डेल्फिना ताडकन उभी राहिली. "मॅडम, तो पळालेला नाही."

"न येणारे बहुतेक पळालेलेच असतात, असं त्यांनीच लिहिलंय." सभागृह हसलं. बाई मात्र हसल्या नाहीत. "त्यांच्या नियमानं आत्ता वॉरंट निघेल. तुमच्या नियमानं?"

"आधी फोन करा."

बाईंनी खरंच फोन लावला आणि स्पीकर सुरू केला. खळखळ पाण्याचा आवाज आला, मग धापा.

"मॅडम, माफ करा! वरच्या शेतानं पाणी उशिरा सोडलं. आत्ता कुठं शेवटच्या वाफ्यांत शिरतंय. टाकून आलो तर मिरची जळेल, पुढची पाळी कधी ते मामांनाही माहीत नाही..."

"म्हणजे तुम्हाला येता येत नाही?"

"नाही, मॅडम... खरंच नाही येता येत. माझी शिफारस चुकली. मी ती मागे घेतो."

साहेबांनी कपाळावर हात मारला. बाईंनी फोन डेल्फिनापुढे सरकवला, स्पीकर तसाच.

"थिओ..."

"डेल्फिना! हे बघ, मी तुझ्यासाठी थांबलोय असं समजू नकोस. म्हणजे – तुझ्यासाठीच थांबलोय. आवडतेस तू मला. फार. झालं, बोललो एकदाचं!"

मागून कुणीतरी शीळ घातली. डेल्फिना कानापर्यंत लाल झाली आणि नको ती बटणं दाबत बसली. हात वर झाले, ठराव मंजूर झाला. एक वर्ष प्रयोग म्हणून वॉरंटच्या आधी फोन, आणि फोन उचलणाऱ्याला तारीख बदलायचा अधिकार.

ती थेट शेतावर गेली. गुडघाभर चिखलात थिओ, बांधावर खुर्ची टाकून हुकूम सोडणारे बाबा.

"पोरगं धांदरट आहे," बाबा म्हणाले, "पण पाणी सोडून गेलं नाही."

"बाबा, नियम बदलला."

बाबांनी हॅट काढून तोंडावर धरली. खांदे हलत राहिले, आणि डेल्फिना त्यांच्या पाठीवरून हात फिरवत राहिली. मग बूट काढून ती वाफ्यात उतरली.

"मघाशी फोनवर..." थिओ चाचरला, "तुझ्याशिवाय कुणी ऐकलं नाही ना?"

"अख्ख्या समितीनं ऐकलं. साहेबांसकट!"

"अरे देवा! आता गं?"

"आता काय? मीही प्रेमात पडलेय तुझ्या, आणि माझं अजून कुणीच ऐकलेलं नाही," ती हसली. "ये जवळ. आता मला एकटीला सांग."

थिओनं फावडं बांधावर टेकवलं आणि सांगितलं.