पुढचं लॉक उघडं होतं

ही घटना खरी आहे. जिच्या बाबतीत घडली ती टॅमसिन आजही त्याबद्दल फारसं बोलत नाही. बोललीच तर घरातला नळ गळतोय हे सांगावं, इतक्या कोरड्या आवाजात सांगते.

मागच्या वर्षीचा ऑक्टोबर. शेवटचा शुक्रवार. श्रॉपशरमधल्या कालव्यावरचा हॅकलीचा चढ.

रात्र नव्हती. दुपारच होती. पण धुकं असं बसलं होतं की बोटीच्या मागच्या टोकाला सुकाणू धरून उभं राहिलं, तर पुढचं टोक दिसत नव्हतं.

बोटीवर टॅमसिन एकटी होती.

हे नीट ध्यानात ठेवा. ती एकटी होती.

बोट तिच्या वडिलांची. डेस्मंडने निवृत्त झाल्यावर ती घेतली आणि तिला बायकोचं नाव दिलं... एनिड. पहिली काही वर्षं दोघं मिळून हिंडली. मग टॅमसिनच्या आईचे पाय गेले, हळूहळू हातही गेले, ती पलंगाला खिळली. डेस्मंड एकटाच निघाला. आधी इंग्लंडभर, मग वेल्स, मग बोट ट्रकवर घालून समुद्रापलीकडे. बेल्जियम, हॉलंड, फ्रान्स. माणसाच्या चालीने चालणारी बोट, आणि घाई कसलीच नाही.

दर रविवारी त्याचा फोन यायचा.

"ऐक, एनिड! घेंटमध्ये दारू प्यायलेल्या पोरांनी रात्री माझे दोर सोडून दिले. सकाळी डोळे उघडतो तर मी नदीच्या मधोमध, आणि काठावरून एक नन मला हात करतेय!"

कधी ओसेरला बकरी बोटीवर चढलेली असायची, ती उतरायलाच तयार नसायची. कधी कालव्याची दारं सांभाळणाऱ्याच्या बायकोने कोबीबरोबर सशाचं पिल्लू गळ्यात मारलेलं असायचं.

आई विचारायची, "आणि ती दुसरी एनिड कशी आहे?"

"मजेत. परवाच रंग दिला तिला."

"मलाही दे की जरा."

दोघं खदखदून हसायची. फोन आईच्या कानाशी धरलेला असायचा टॅमसिनने. तिच्या दुसऱ्या हातात ओली चादर असायची.

नऊ वर्षं.

शेवटी डॉक्टरांनी सांगितलं तेव्हा तिने वडिलांना फोन केला. डेस्मंड बर्गंडीत होता.

"बाबा, निघा आता."

"निघालोच. पण बोट ताशी चार मैल चालते, पोरी."

"विमान असतं, बाबा."

"अगं, बोट इथे कुणाच्या भरवशावर टाकू?"

तो आला तेव्हा आईला पुरून झालं होतं. दारात उभा राहिला तेव्हा हातात मोहरीच्या चटणीची बरणी होती. तिकडची. आईला आवडायची म्हणून आणलेली.

आई शुद्धीत होती तोवर एकच विचारत होती. "डेस कुठपर्यंत आला?"

टॅमसिन तिच्या उशाशी होती. टॅमसिनला तिने काहीच विचारलं नाही. नावसुद्धा घेतलं नाही.

त्या दिवसापासून टॅमसिन आईच्या खोलीचं दार किलकिलं ठेवते. तिचा असल्या गोष्टींवर विश्वास नव्हता. पण आईने एकदा तरी तिला नावाने हाक मारावी, एवढंच तिला हवं होतं. कधी आलीच, तर दार बंद नको.

वर्षभर कोणी आलं नाही.

मग सप्टेंबरात डेस्मंड गेला. इंग्लंडात परत आणलेली बोट हॅकलीच्या चढाच्या पायथ्याशी बांधलेली, मागच्या फळीवर तो बसलेला, शेजारी गार झालेला चहा. झोपेत गेल्यासारखा. त्याचं मरणसुद्धा आरामातच झालं, असं टॅमसिनच्या मनात आलं.

बोट विकायची होती. त्यासाठी ती चढाच्या माथ्यावरच्या बोटींच्या कारखान्यापर्यंत न्यायची होती. वाटेत पाच लॉक.

लॉक म्हणजे कालव्याची पायरी. दोन दारांमधला खोल दगडी हौद. वर चढायचं तर आधी झडपा उघडून हौद रिकामा करायचा, खालचं दार उघडायचं, बोट आत घ्यायची, दार लावायचं, आणि वरून पाणी सोडून बोट उचलून घ्यायची. दोघं असली की एक जण सुकाणूवर राहतो. दुसरा लोखंडी हँडल घेऊन काठाने चालतो, आणि एक हौद भरायला लागला की थांबत नाही, पुढचं लॉक तयार करायला निघून जातो.

सुकाणूवरच्याला त्याची फक्त पाठ दिसते.

टॅमसिनच्या लहानपणची आई म्हणजे ती पाठ. कमरेच्या पट्ट्यात खोचलेलं हँडल, हिरवी लोकरी टोपी, भरभर टाकलेली पावलं. लॉक तयार झालं की आई दाराच्या लोखंडावर हँडल दोनदा आपटायची. ठक्. ठक्. म्हणजे, ये आत. बाबा सुकाणूवरून टोपी उचलायचे. त्या दोघांना एवढंच पुरायचं.

डेस्मंडच्या शेजारी डॉटची बोट होती. ऐंशीची म्हातारी, जन्म कालव्यावरच गेलेला. टॅमसिन दोर सोडत होती तेव्हा ती खिडकीतून बोलली.

"एकटी नेणार? या धुक्यात?"

"दुसरं कोण आहे, डॉट?"

"तुझ्या बापाला बरी मदतनीस मिळाली होती."

"कोण?"

"ते त्यालाच ठाऊक. वर्षभर चाललं होतं त्याचं. म्हणायचा, डॉट, हल्ली लॉक मला तयारच मिळतात, पुढे कोणीतरी चालतंय. मी म्हटलं, म्हाताऱ्या, पुढे कोणी नाही, तुझी अक्कल तेवढी पुढे गेली. तर हसला. आणि त्या रिकाम्या वाटेकडे बघून टोपी उचलली बघ."

"बाबा थापा मारायचे."

"मारायचा की! एक नंबरचा थापाड्या. पण थाप मारताना डोळा मिचकावायचा." डॉटने खिडकी ओढून घेतली. काच लागता लागता म्हणाली, "हे सांगताना नाही मिचकावला."

पहिलं लॉक टॅमसिनने एकटीने केलं. बोट बांध, वर चढ, झडपा फिरव, दार ढकल, खाली उतर, बोट आत घे, निसरड्या शिडीने पुन्हा वर. तळहात सोलवटले. बापाला शिव्या देत ती बाहेर पडली.

इंजिनाची संथ धडधड. बाकी सगळं गप्प. पक्षीसुद्धा नाही.

आणि मग पुढे, धुक्याच्या आत...

कट्... कट्... कट्... कट्...

हँडल फिरवलं की झडपेच्या दात्यांचा होतो तो आवाज. त्यापाठोपाठ पाणी सुटल्याचा घोष.

खाली उतरणारी कोणाची बोट असेल, म्हणून तिने वेग कमी केला, एका कडेला सरकली. वाट पाहिली.

कोणीच आलं नाही.

दुसरं लॉक धुक्यातून पुढे आलं. रिकामं. दार सताड उघडं.

तिच्यासाठी तयार.

कोणी भला माणूस फिरायला आला असेल, तिने स्वतःला सांगितलं. असतात अशी माणसं. ती आत शिरली, वर चढली, "थँक यू!" असं मोठ्याने ओरडली.

 फक्त काठाच्या वाटेवर पावलं... दूर जाणारी. हलकी. भरभर.

तिसऱ्या लॉकपाशीही तेच. कट्... कट्... पाण्याचा घोष... आणि या वेळी आणखी एक आवाज.

ठक्.

ठक्.

टॅमसिन सुकाणू वळवायचं विसरली. बोट भिंतीला घासत आत गेली.

वर चढून तिने दार लावायला घेतलं. दार ढकलायला लांब लाकडी दांडी असते, तिला पाठ लावून रेटतात. त्या दांडीवर दव दाट साचलं होतं. फक्त एका जागी पुसलेलं होतं... टॅमसिनची कमर टेकली असती त्याच्या थोडं खाली. बुटक्या बाईची टेकेल तिथे.

आई बुटकी होती.

तिने त्या ओल्या लाकडावर हात ठेवला. पुढे पावलं वाजत होती. नऊ वर्षं जिला कुशीवर वळायला टॅमसिन लागायची, ती तरातरा चालत होती.

टॅमसिनला भीती वाटली नाही. तिच्या तोंडून हसू फुटलं. ते हसू आहे की दुसरं काही, हे तिलाही कळलं नाही.

आता तिला आईला समोरासमोर गाठायचं होतं. तिसऱ्या लॉकच्या बाहेर पडताच तिने बोट बांधली, इंजिन बंद केलं आणि काठाने पळत सुटली.

चौथं लॉक बंद होतं.

हौद काठोकाठ भरलेला. झडपा खाली. दांडीवरचं दव अखंड, कुणाचं बोटही न लागलेलं.

"आई?"

पाणी हललं नाही.

"आई, मी आलेय."

ती दांडीवर बसून राहिली. हुडहुडी भरेपर्यंत. मग उठली, परत बोटीपाशी आली, इंजिनाची किल्ली फिरवली. धडधड सुरू झाली...

आणि लगेच पुढे...

कट्... कट्... कट्...

म्हणजे तिच्यासाठी नव्हतं. बोटीसाठी होतं. त्या इंजिनाच्या आवाजासाठी. सुकाणूवर जो उभा असायचा, त्याच्यासाठी.

 ठक्, ठक्. ये आत. ती आत शिरली. दोन्ही बाजूंनी काळ्या ओल्या भिंती, डोक्यावर धुक्याची पट्टी. तिथून तिने वर तोंड करून ओरडून सांगितलं,

"आई! बाबा नाहीत. बाबा गेले! बोटीवर मी आहे. टॅमसिन!"

वरची पावलं थांबली.

मग... खडाड्ड!

झडप धाडकन खाली पडली. कालव्यावरचं माणूस झडप कधी अशी सोडत नाही, हँडलने हळू उतरवतं. आईने तर जन्मात सोडली नव्हती.

पावलं परत फिरली. आता सावकाश. एकेक. भिंतीच्या कडेकडेने, टॅमसिनच्या डोक्यावर येऊन उभी राहिली.

तिने वर पाहिलं. दिसलं काहीच नाही. भिंतीच्या कडेवरून पाणी ठिबकत होतं, सगळीकडून, सारखं. मात्र एका जागी ते थांबलं होतं... माणूस वाकून उभा राहील तेवढ्या रुंदीत.

टॅमसिन टाचा उंचावून उभी राहिली. आता माझं नाव घेईल. आता.

आवाज आला. अगदी आईचाच. शेवटच्या आठवड्यातला, कोरड्या घशाचा.

"डेस कुठपर्यंत आला?"



वरचं पाणी पुन्हा ठिबकू लागलं. पावलं निघाली. पुढे नाही... मागे. जिथून बोट आली होती तिकडे, उताराने, थांबत थांबत, कुणाला तरी शोधत गेल्यासारखी. धुक्यात विरून गेली.

पाचवं लॉक बंद होतं. ते तिने एकटीने उघडलं.

बोट विकली गेली. गॅरेथ प्रॉसर नावाच्या वेल्समधल्या विधुराने घेतली. एकटाच. बोटीने आधी इंग्लंड आरामात बघायचं, मग पलीकडे जायचं, असा त्याचा बेत.

एप्रिलमध्ये त्याचा फोन आला.

"बाई, एक विचारू? हसू नका हं. या बोटीच्या पुढे कोणी चालतं का?"

टॅमसिन स्वयंपाकघरात उभी होती. तिने गॅस बंद केला.

"का?"

"लॉक सगळी तयार मिळतात. सगळी! आधी वाटलं नशीब उघडलं. पण काल पहाटे एका लॉकमध्ये शिरलो, तर वरून कोणी बाई काहीतरी विचारत होती. मला नीट ऐकू आलं नाही. वर गेलो तर कोणीच नाही."

"तुम्ही काय उत्तर दिलंत?"

"काय देणार? मी गारठून गेलो होतो."

 खरं काय ते एकदा सांगून बघितलं होतं टॅमसिनने.

"मिस्टर प्रॉसर, तिच्याशी बोलू नका. तुम्ही कोण, हे सांगू नका. दार उघडं दिसलं की नुसती टोपी उचला."

"मी टोपी घालत नाही, बाई."

"मी पाठवते."

डेस्मंडची टोपी तिने दुसऱ्याच दिवशी पोस्टाने पाठवली. मेच्या शेवटी प्रॉसरचं कार्ड आलं. टोपी थोडी घट्ट बसते, पण आता कोणी काही विचारत नाही. लॉक अजून तयार मिळतात. पुढच्या महिन्यात तो फ्रान्सला निघणार होता.

टॅमसिनने ते वाचलं आणि फ्रिजवर लावलं.

रोज झोपायला जाताना ती आईच्या खोलीचं दार किलकिलं करते. पडल्या पडल्या कान देऊन ऐकते. पावलं... लोखंडावर दोन ठोके... काहीतरी...

सकाळी दार तसंच असतं. तिने ठेवलं होतं तेवढंच उघडं.