दोरीवरचा स्वेटर

दादाच्या दहाव्यासाठी काळे तीळ कमी पडले, म्हणून दीपावहिनीने मला इंडियन स्टोअरमध्ये पाठवलं. रेडमंडमध्ये नोव्हेंबरात दुपारीच दिवे लागतात. पाऊस जोरात पडत नाही, पण थांबतही नाही. मी जॅकेट न घालताच गेलो. तिळाची पुडी शर्टाच्या खिशात ठेवली. हा खिसा फाटला होता, तो आईने मी निघायच्या आदल्या दिवशी हिरव्या दोऱ्याने शिवला होता. शर्ट निळा, दोरा हिरवा. आईला दिसत नाही नीट.

परत आलो तर दारातच चुलीच्या धुराचा वास आला. त्या घरात चूल कुठली, साधी विजेची शेगडी आहे. वास खुर्चीवरच्या स्वेटरला येत होता. दादाचा राखाडी स्वेटर. हॉस्पिटलने पिशवीत घालून दिलेला. वहिनीने तो दोनदा मशीनमध्ये धुतला होता.

दादा म्हणजे मोरेश्वर. तो शिकला, कंप्युटरवाला झाला, इकडे आला. मी दहावी नापास, गावात गाड्या दुरुस्त करतो. त्याने मला सहा महिन्यांसाठी अमेरिका बघायला बोलावलं, आणि मी इथे असतानाच तो ऑफिसच्या पार्किंगमध्ये, बंद गाडीत, बसल्या जागी गेला. डॉक्टर हार्ट म्हणाले. त्याच्या केसांत मला लाकडाची राख दिसली होती. ते मी कुणाला सांगितलं नाही.

फ्रिजवर एक फोटो लावलेला होता. दादा आणि त्याचा मित्र केदार मागच्या वर्षी निकाराग्वातल्या एका खेड्यात जमीन घ्यायला गेले होते, तेव्हाचा. चाळिशीनंतर नोकऱ्या सोडून तिथे राहायचं, असं दोघांचं ठरलं होतं. फोटोत मागे पत्र्याचं घर, पुढे पडवी, पडवीत दोरी. दोरीवर लांब शेपटीचा एक काळा पक्षी आणि त्याच्या बाजूला वाळत घातलेला राखाडी स्वेटर.

वहिनीने दादा गेल्याच्या दुसऱ्या दिवशी मला तो फोटो दाखवला होता. म्हणाली, "श्रीराम, स्वेटर मी या फेब्रुवारीत घेतला. फोटो त्याच्या आधीचा आहे." मी म्हटलं, तसलाच दुसरा असेल. ती म्हणाली, "तिथे घाम निथळतो रे. स्वेटर कोण घालतं?" मग ती भात लावायला गेली.

दहावा तळ्याकाठच्या पार्कमध्ये केला. आम्ही सात-आठ माणसं आणि रेनकोट घातलेले देवळातले गुरुजी. गवतावर पिंड ठेवला आणि सगळे मागे सरलो. रेडमंडला कावळ्यांचा तोटा नाही. संध्याकाळच्या सुमाराला ते हजारोंनी येतात, आभाळ काळं होतं. ते आले, भोवतीची सगळी झाडं भरली. पण एकही खाली उतरला नाही.

मग आपल्याकडे करतात तसं सुरू झालं. गेलेल्याचं मन कशात अडकलंय ते शोधून त्याला शब्द द्यायचा. मी म्हटलं, दादा, आईला मी सांभाळीन. वहिनी म्हणाली, मी रडत बसणार नाही, परत नोकरी करीन. कावळे माना वळवून बघत होते. ओरडतसुद्धा नव्हते. गुरुजी म्हणाले, अंधार पडला की पार्क बंद होतो, दर्भाचा कावळा करून शिवून घेऊ. माझं डोकं फिरलं. माझा सख्खा भाऊ गवताच्या कावळ्यावर सुटणार होता का? मी गुरुजींच्या हातातला दर्भ हिसकावून तळ्यात फेकला.

तेव्हा केदार माझ्या मागे येऊन उभा राहिला. दिवसभर त्याने माझ्याकडे पाहिलं नव्हतं. कानाशी हळूच म्हणाला, "जमिनीचं बोल, श्री..."

"काय बोलू?"

"म्हण, तिथे मी राहीन... स्वतःचं नाव घेऊन म्हण."

मी विचार केला नाही. कधीच करत नाही. मोठ्यांदा म्हटलं, "दादा, तुझ्या जमिनीवर मी राहीन. मी, श्रीराम."

सगळे कावळे एकदम उठले आणि निघून गेले. झाडं रिकामी झाली. मग मागच्या झुडपातून एकच पक्षी चालत आला. कावळ्याहून बारीक, शेपूट फोटोतल्यासारखं लांब, डोळे पिवळे. त्याने पिंडाला चोच लावली. खाल्लं काही नाही. माझ्याकडे बघत राहिला.

"शिवला," गुरुजी म्हणाले. वहिनी हुंदके देऊन रडायला लागली. केदारने मोठा श्वास सोडला, आणि थोडासा हसला. ते मी पाहिलं.

परतताना गाडीत आम्ही दोघंच होतो. मी विचारलं तेव्हा त्याने समोर बघतच सगळं सांगितलं. जमीन एका म्हातारीची होती. तिची मुलं एकेक करून इकडे अमेरिकेत कामाला आली, परत गेली नाहीत. तिची एकच अट होती. घर रिकामं ठेवायचं नाही, कोण राहणार त्याचं नाव तिथे पडवीत उभं राहून सांगायचं. नाव सांगून जो येणार नाही, त्याला घर स्वतः घेऊन येतं. एजंटने हसत ट्रान्सलेट केलं, हे दोघेही हसले. दादाने आपलं नाव सांगितलं. मग नेक्स्ट इयर जाऊ, प्रोजेक्ट संपला की जाऊ, असं चाललं.

"मोऱ्या गेला त्याच रात्री एजंटचा फोन आला," केदार म्हणाला. "म्हातारी विचारतेय, आता कोण? दादा तुझा तिथे पोचलाय म्हणे, पण मेलेला माणूस तिला चालत नाही. मला दोन मुलं आहेत, यार."

"आणि मला?"

"तुझं काय आहे, श्री? ना शिक्षण, ना बायको. तू गेलास तर कुणाचं अडणार आहे?"

मी त्याच्या तोंडावर बुक्की मारली. नाकातून रक्त आलं. त्याने बाहीने पुसलं आणि एका हाताने ड्राइव्ह करत राहिला. चिडला नाही. मरायला टेकलेल्या माणसावर चिडत नाहीत, तसा.

घरी आलो. पुन्हा तोच वास. मी खुर्चीवरचा स्वेटर उचलून नाकाला लावला. त्याला नुसत्या साबणाचा वास होता.

पार्कमध्ये मी पावसात भिजलो होतो. अंगावरचा तोच शर्ट चाचपला. तो कडक वाळलेला होता, उन्हातून काढल्यासारखा गरम.

मला फ्रिजकडे बघायचं नव्हतं. पण वहिनी तिथेच उभी होती, फोटोकडे बघत. नुसती बाजूला झाली, मला दिसावं म्हणून.

दोरीवर स्वेटर नव्हता. एक निळा शर्ट होता, खिशाला हिरवा दोरा.

पक्षी मात्र दोरीवर नव्हता.