मधली खोली

कॉर्डलेस फोन विकणाऱ्यानं भुताखेतांवर विश्वास ठेवू नये, धंदा बसतो. माझा नव्हताच. शहाण्णव साली जळगावात माझं दुकान होतं. वरणगावच्या सुनंदाबाईंकडून तक्रार आली, नव्या फोनवर आवाज फार बारीक येतो.

बाईंचे पाय गेलेले. थोरला मोतीलाल मस्कतला, दर रविवारी त्याचा फोन. पुढच्या खोलीपर्यंत त्यांना जाता येईना, म्हणून धाकट्या जीवरामनं हा बिनतारी घेतला होता. मागच्या खोलीत खाटेवर पडून लेकाचा आवाज ऐकायचा, एवढंच त्यांना हवं होतं.

मी बॅटरी बदलली, चॅनल बदलला, टीव्ही बंद करायला लावला. खरखर तशीच. मग हँडसेट कानाला लावून डायल टोन ऐकत घरभर फिरलो. पुढच्या खोलीत फोनचा डबा होता, तिथं टोन खणखणीत. मधल्या खोलीपलीकडे गेलं की बारीक. डबा आणि हँडसेटच्या मध्ये माणूस उभा राहिला की असं होतं, हे मला ठाऊक होतं. पण मधली खोली मोकळी होती. भिंतीवर बाईंच्या नवऱ्याचा, तोतारामआबांचा, हार घातलेला फोटो, बस. टोन बारीक व्हायचा, मोठा व्हायचा, पुन्हा बारीक. कोणी येरझाऱ्या घालाव्यात तसा.

"ते फिरत असतीन," सुनंदाबाई खाटेवरून म्हणाल्या. "पोऱ्याचा फोन येणार म्हटलं का त्यायले बसवतच नव्हतं."

मी हसलो. जीवराम हसला नाही.

निघताना घरातल्या वडीलधाऱ्याला 'येता का?' म्हणायची आपली रीत. आणि मला वात्रटपणा आवरत नाही. फोटोकडे बघून म्हणालो, "चला आबा, येता का जळगावला?"

हँडसेट अजून कानाशीच होता. टोन एकदम साफ झाला.

भुसावळच्या पुढे स्कूटर डबलसीट असल्यासारखी ओढू लागली. मी कार्ब्युरेटरला शिव्या दिल्या.

सोमवारी दुपारी दुकानातला कॉर्डलेस वाजला. सुनंदाबाई होत्या.

"भाऊ, काल मोतीलालचा आवाज बाजूले बसल्यासारखा आला. पण घर खायले उठतं. तुमी त्यायले घेऊन गेले. वापस आणून सोडा ना. पोऱ्याचा आवाज थोडका आला तरी चालीन मले."

मला हसायचं होतं, जमलं नाही.

त्या अजून बोलत होत्या, पण आवाज बारीक होत गेला. फोनचा डबा समोर, हातभर अंतरावर. मध्ये कोणी नव्हतं.

मी हँडसेट त्या मोकळ्या जागेपुढे धरला.

मग फोनमधून सुनंदाबाई हसल्या. माझ्याशी बोलत नव्हत्या.

"बरं, या मंग. भाकर झाकून ठेवाले सांगते."